टी-टेस्टवाला ‘स्टुडंट’ कोण होता?

बी.एस्सी. असो, बी.कॉम. असो, सायकॉलॉजी, फार्मसी नाहीतर ॲग्री, टी-टेस्टपासून कोणाची सुटका नाही. तिचं पूर्ण नाव स्टुडंट्स टी-टेस्ट. हा स्टुडंट खराखुरा माणूस होता. नोकरी करायचा बिअरच्या कारखान्यात. आणि आज मोबाइलवर एका क्लिकमध्ये होणारा प्रयोग त्यानं पुठ्ठ्याचे तीन हजार तुकडे पिसून केला होता.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये टी-टेस्ट कशी येते हे सगळ्यांना पाठ आहे. आधी दहा-बारा आकडे. मग सरासरी, मग स्टँडर्ड डेव्हिएशन, मग सूत्रात किमती टाकायच्या. पुस्तकाच्या मागच्या पानावरचं बारीक अक्षरातलं टेबल उघडायचं आणि त्यातली किंमत आपल्या उत्तराशेजारी मांडायची. आपलं उत्तर मोठं आलं, तर हायपोथिसिस रिजेक्ट. लहान आलं, तर नाही. संपलं. हल्ली तर एवढेही कष्ट नाहीत. एक्सेलला नाहीतर आर नावाच्या सॉफ्टवेअरला आकडे दिले की उत्तर पुढ्यात हजर.

मार्क मिळतात. पण दहा आकड्यांवरून एवढं ठाम बोलायचा हक्क आपल्याला कोणी दिला आणि मागच्या पानावरचं ते टेबल आलं कुठून, हे विचारायचं राहूनच जातं. सरांना सिलॅबस संपवायचा असतो, आपल्याला पास व्हायचं असतं. विद्यार्थ्यांसाठीची टेस्ट म्हणून स्टुडंट टेस्ट, असं समजून आपण पान उलटतो.

त्या पानामागच्या माणसाचं खरं नाव विल्यम सीली गॉसेट.

चष्म्यानं वाट बदलली

गॉसेटचा जन्म १३ जून १८७६ चा, इंग्लंडमधल्या कँटरबरीचा. वडील फौजेत, रॉयल इंजिनिअर्समध्ये कर्नल. घरातल्या या थोरल्या मुलालाही तिकडेच जायचं होतं. पण नजर अधू निघाली आणि फौजेचं दार बंद झालं. आपल्याकडे एनडीएच्या मेडिकलमध्ये डोळ्यांमुळे अडकलेली मुलं असतात, त्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

मुलगा हुशार होता. विंचेस्टरच्या नामांकित शाळेत स्कॉलरशिपवर शिकला, मग ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेला. १८९७ मध्ये गणिताच्या परीक्षेत पहिला वर्ग, १८९९ मध्ये केमिस्ट्रीत पहिला वर्ग. स्टॅटिस्टिक्सची डिग्री मात्र त्याच्याकडे कधीच नव्हती. तेव्हा हा विषयच नुकता कुठे उभा राहत होता.

त्या सुमाराला आयर्लंडमधल्या डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीनं एक नवं धोरण धरलं होतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कारखान्यांमध्ये तिची गणना होत असे. एवढा मोठा धंदा नुसत्या जुन्या जाणत्यांच्या जिभेवर आणि अंदाजावर चालवणं मालकांना परवडत नव्हतं. म्हणून ऑक्सफर्ड आणि केंब्रिजहून विज्ञान शिकलेली ताजी पोरं नोकरीवर घेतली जात होती. १८९९ मध्ये गॉसेट त्यांच्यातला एक झाला. वय तेवीस.

शितावरून भाताची परीक्षा

बिअरसाठी बार्ली लागते. तिला मोड आणून, वाळवून तिचं माल्ट करतात. चवीसाठी हॉप्स नावाची फुलं आणि आंबवण्यासाठी यीस्ट. यातली प्रत्येक गोष्ट दर खेपेला थोडी वेगळी निघते. या शेतातली बार्ली त्या शेतातल्या बार्लीसारखी नसते, यंदाचे हॉप्स गेल्या वर्षीसारखे नसतात. आणि गिऱ्हाइकाला तर प्रत्येक ग्लासात तीच चव हवी असते.

मग तपासायचं कसं? सगळा माल तपासायचा तर विकायला काही उरणार नाही. थोडा नमुना घ्यायचा आणि त्यावरून सगळ्याचा अंदाज बांधायचा. आपल्या आज्या हे रोज करतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणजे दुसरं काय? प्रश्न एवढाच की किती शितं चेपून बघायची, आणि तेवढ्यावर भरवसा किती ठेवायचा.

त्या काळातलं स्टॅटिस्टिक्स म्हणायचं, शेकड्यांनी आकडे आणा. हजार माणसांची उंची मोजा, मग बोलू. मोठ्या नमुन्यासाठी सूत्रं तयार होती. गॉसेटच्या हातात मात्र कधी चार आकडे असायचे, कधी सहा, कधी दहा. बार्लीच्या एका वाणाची चाचणी चार शेतांत घ्यायची तर अख्खा हंगाम जातो. हजार आकड्यांसाठी थांबायचं म्हटलं तर पिढ्या जातील. आणि चार आकड्यांवर चुकीचा निर्णय घेतला तर कंपनीचा पैसा जातो, पुढच्या वर्षी ते बियाणं पेरणारा शेतकरीही बुडतो.

१९०४ मध्ये गॉसेटनं ब्रुअरीतल्या वरिष्ठांसाठी एक अहवाल लिहिला. चुकीचा हिशेब कसा मांडायचा आणि तो बिअरच्या कामात कसा वापरायचा, हा त्याचा विषय. मोजमापांची संख्या वाढवली की खात्री किती वाढते, हे त्यानं त्यात मांडलं. हे काम पुढे न्यायचं तर गणितातल्या जाणकाराला विचारायला हवं, अशी शिफारसही केली.

सायकलवरून सरांकडे

जाणकार म्हणजे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले प्रोफेसर कार्ल पिअर्सन. कोरिलेशनच्या सूत्राला ज्यांचं नाव आहे तेच हे पिअर्सन.

शिकवण्याच्या बाबतीत हे गृहस्थ भन्नाट होते. लंडनच्या ग्रेशम कॉलेजमध्ये लोकांसमोर व्याख्यानं देताना त्यांनी एकदा दहा हजार नाणी जमिनीवर पसरली आणि छापे किती, काटे किती ते श्रोत्यांना मोजायला लावलं. शक्यता म्हणजे काय, ते फळ्यावर न लिहिता पायाशी पसरून दाखवलं. त्यांच्याही आधी फ्रान्सिस गाल्टननं काचेच्या मागे खिळ्यांच्या रांगा ठोकून एक फळा बनवला होता. वरून छर्रे सोडले की ते खिळ्यांवर आपटत खाली येतात आणि तळाशी आपोआप घंटेच्या आकाराचा ढीग लागतो. नॉर्मल कर्व्ह डोळ्यांदेखत तयार होतो. यूट्यूबवर याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेही असतील. आज आपण ज्याला सिम्युलेशन म्हणतो त्याचे हे खापरपणजोबा.

जुलै १९०५ मध्ये पिअर्सन सुट्टीसाठी इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहिले होते. गॉसेट चक्क सायकल मारत तिथे पोचला. प्रश्न आधीच लिहून ठेवले होते. पहिल्याच भेटीत पिअर्सननी त्याला त्या वेळच्या बहुतेक पद्धतींची ओळख करून दिली. पुढे १९०६ मध्ये गिनेसनं त्याला लंडनला पिअर्सनच्या प्रयोगशाळेत शिकायला पाठवलं. म्हणजे नोकरीतून रजा घेऊन पुन्हा कॉलेज. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याचं मार्जरी फिलपॉट्सशी लग्न झालं होतं. ती इंग्लंडच्या महिला हॉकी संघाची कॅप्टन होती.

लंडनमध्ये आधी त्यानं यीस्टचा प्रश्न सोडवला. सूक्ष्मदर्शकाखाली चारशे बारीक चौकटींची काच ठेवायची आणि प्रत्येक चौकटीत यीस्टच्या किती पेशी आल्या ते मोजायचं. हे आकडे कसे विखुरतात त्याचा नियम त्यानं मांडला. पॉयसाँ डिस्ट्रिब्यूशन पाठ करताना ज्यांना झोप येते त्यांनी लक्षात ठेवावं, ते डिस्ट्रिब्यूशन गॉसेटला यीस्टच्या चौकटींमध्ये सापडलं होतं.

तीन हजार पुठ्ठे

आता मूळ दुखणं. चार आकड्यांची सरासरी काढली, तर खऱ्या सरासरीपासून ती किती दूर असू शकते? जुनी पद्धत सांगायची, त्याच चार आकड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा आणि नॉर्मल कर्व्हचं टेबल वापरा. गॉसेटच्या लक्षात आलं की घोळ इथेच आहे. चार आकड्यांवरून काढलेलं स्टँडर्ड डेव्हिएशन स्वतःच डगमगतं असतं. कधी ते खऱ्यापेक्षा बरंच लहान येतं. लहान आलं की आपल्याला उगाच वाटतं, वा, आपला अंदाज किती अचूक! नमुना जितका लहान तितका हा खोटा आत्मविश्वास मोठा.

त्यानं गणितानं नवा कर्व्ह काढला. नॉर्मलसारखाच घंटेसारखा, पण दोन्ही बाजूंच्या शेपट्या जाड. गणितातल्या काही पायऱ्या मात्र त्याला पक्क्या सिद्ध करता आल्या नव्हत्या. मग खात्री कशी करायची? करूनच बघायचं.

पिअर्सनच्या ‘बायोमेट्रिका’ या मासिकात आधी एक लेख आला होता. त्यात तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी दिलेली होती. गॉसेटनं ती मापं पुठ्ठ्याच्या तीन हजार तुकड्यांवर लिहिली. पत्ते पिसतात तसे ते तुकडे नीट पिसले. एकेक उचलून ओळीनं नोंदवले. मग चार-चारचे गट केले, म्हणजे साडेसातशे नमुने. प्रत्येकाची सरासरी, प्रत्येकाचं स्टँडर्ड डेव्हिएशन, खऱ्या सरासरीपासूनचं अंतर. उंचीसाठी एकदा, बोटांसाठी पुन्हा एकदा. कॉम्प्युटर नाही, आजच्यासारखा कॅल्क्युलेटर नाही. हे करताना त्याला काय वाटलं असेल, याची कल्पना ज्यांनी एकच स्टँडर्ड डेव्हिएशन हातानं काढलंय त्यांना येईल.

आलेले आकडे त्यानं आपल्या नव्या कर्व्हशी ताडून पाहिले. ते जुळले. १९०८ च्या मार्चमध्ये ‘बायोमेट्रिका’मध्ये हा लेख छापून आला. सरासरीची संभाव्य चूक, असं साधंसुधं नाव. आज स्टॅटिस्टिक्सच्या इतिहासातला तो एक पायाभूत लेख मानतात.

नाव मात्र द्यायचं नाही

लेखाखाली गॉसेट हे नाव नव्हतं. नुसतं ‘स्टुडंट’ होतं. गिनेसला आपली कारखान्यातली गुपितं बाहेर जाऊ द्यायची नव्हती. कर्मचाऱ्यांनी लिहावं, पण स्वतःच्या नावानं नाही आणि बिअरचा उल्लेख न करता, अशी अट होती. गणित शिकलेल्या माणसांमुळे आपल्याला धंद्यात फायदा होतोय हे दुसऱ्या कंपन्यांना कळलं असतं, तर त्यांनीही तेच केलं असतं.

म्हणून त्या लेखातली उदाहरणं बिअरची नाहीत. एक उदाहरण झोपेच्या औषधांचं आहे. दहा रुग्ण, दोन औषधं, प्रत्येकाची झोप किती तासांनी वाढली त्याच्या नोंदी. दुसऱ्या औषधानं पहिल्यापेक्षा सरासरी १.५८ तास जास्त झोप मिळाली होती. दहाच माणसं, मग हा फरक खरा मानायचा की योगायोग? गॉसेटच्या पद्धतीनं उत्तर आलं, योगायोग असण्याची शक्यता अगदी कमी.

गंमत म्हणजे हे दहा रुग्ण आजही आपल्यात आहेत. आर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते इन्स्टॉल केलं की त्यासोबत सरावासाठी काही डेटा आपोआप येतो. त्यात ‘स्लीप’ नावाचा डेटा आहे, तो गॉसेटच्या लेखातलाच. त्यावर पेअर्ड टी-टेस्ट चालवली की टी येतो ४.०६ आणि पी-व्हॅल्यू ०.००३ च्या आसपास. लेखानंतर शंभराहून जास्त वर्षांनी आपण त्याचाच हिशेब पुन्हा तपासू शकतो.

केंब्रिजहून आलेलं पत्र

लेख आला खरा, पण फारसं कोणी ढुंकून पाहिलं नाही. खुद्द पिअर्सनना लहान नमुन्यांचं कौतुक नव्हतं. त्यांच्या मते इतके कमी आकडे घेऊन बसणं हा बिअरवाल्यांचा उद्योग.

१९१२ मध्ये केंब्रिजच्या एका विद्यार्थ्यानं गॉसेटशी पत्रव्यवहार सुरू केला. नाव रोनाल्ड फिशर, वय बावीस. गॉसेटला जी पायरी पक्की सिद्ध करता आली नव्हती ती या पोरानं सिद्ध करून पाठवली होती. गणित इतकं अवघड की गॉसेटला ते नीट कळेना. त्यानं कागद पिअर्सनकडे पाठवून दिले. पुढे फिशरनंच या पद्धतीला आजचं रूप दिलं. डिग्रीज ऑफ फ्रीडम ही कल्पना आणली, गॉसेटच्या झेडचा टी झाला. १९२५ मध्ये फिशरचं संशोधकांसाठी लिहिलेलं पुस्तक आलं आणि टी-टेस्ट जगभर पोचली. त्यासाठीची टेबलं गॉसेटनं नोकरी सांभाळून, हातानं फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड करून तयार केली. आपल्या पुस्तकाच्या मागच्या पानावर येतात ती त्यांचीच वंशज.

पिअर्सन आणि फिशर यांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे. दोघांशी अखेरपर्यंत दोस्ती टिकवणारा माणूस म्हणजे गॉसेट. शेतीच्या प्रयोगात वाण कोणत्या तुकड्यात पेरायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं, असं फिशर म्हणे. गॉसेट म्हणे, जमीन एका बाजूला कसदार आहे हे माहीत असताना चिठ्ठ्यांवर का सोडायचं, दोन्ही वाण दोन्ही प्रकारच्या जमिनीत समान वाटून पेरा. वाद छापून आले, मैत्री तुटली नाही. सोशल मीडियावर भांडणाऱ्या आपल्या पिढीनं हेही शिकावं असं आहे.

हा माणूस दिवसभर आकड्यांत बुडालेला असेल असं वाटतं ना? तसं नव्हतं. त्याला मासे पकडायला आवडायचं, सुतारकाम यायचं, होड्या बांधायचा, बागेत फळझाडं वाढवायचा. तीन मुलांचा बाप होता. स्टॅटिस्टिक्स हे त्याच्यासाठी ब्रुअरीतलं एक अवजार होतं, पटाशी नि करवतीसारखं.

दूध, मुलं आणि कोट

त्याची सगळ्यात मोलाची शिकवण एका दुधाच्या प्रयोगावरून मिळते. १९३० च्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायर भागात शाळेच्या मुलांवर एक प्रचंड प्रयोग झाला. एकूण वीस हजार मुलं, सदुसष्ट शाळा. दहा हजार मुलांना चार महिने रोज पाऊण पिंट, म्हणजे सव्वाचारशे मिलीलीटरच्या आसपास दूध दिलं. उरलेल्या दहा हजारांना दिलं नाही. फेब्रुवारीत आणि जूनमध्ये सगळ्यांची उंची आणि वजन मोजलं. दुधानं मुलं किती वाढतात, हे बघायचं होतं.

वीस हजारांचा नमुना! लहान नमुन्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला हेवा वाटावा. पण १९३१ मध्ये गॉसेटनं या प्रयोगावर लेख लिहून त्यातली भोकं दाखवली.

पहिलं भोक माणुसकीचं होतं. मुलांची निवड चिठ्ठ्या टाकून किंवा नावाच्या क्रमानं करायची होती. पण एखाद्या गटात फार खाते-पिते किंवा फार कुपोषित चेहरे दिसले, तर बदल करायची मुभा शिक्षकांना होती. समोर उपाशी पोर दिसत असताना त्याला दुधाच्या यादीतून कोण वगळेल? शिक्षकांनी, बहुधा नकळत, गरीब मुलांना दुधाच्या गटात घातलं. त्यामुळे सुरुवातीलाच दूध न मिळणारी मुलं थोराड निघाली. वजनात तीन महिन्यांच्या वाढीएवढी, उंचीत चार महिन्यांच्या.

दुसरं भोक कपड्यांचं. वजन कपड्यांसकट केलं होतं. फेब्रुवारीत कडाक्याची थंडी, जूनमध्ये उन्हाळा. सुखवस्तू घरातलं पोर हिवाळ्यात जाड कपड्यांत आणि जूनमध्ये हलक्या कपड्यांत वजनकाट्यावर उभं राहणार. गरीब पोराकडे बहुधा एकच जोड, दोन्ही वेळा तोच. म्हणजे सुखवस्तू मुलांचं वजन कागदावर कमी वाढलेलं दिसणार, आणि श्रेय मिळणार दुधाला.

गॉसेटचा सल्ला असा होता की हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या पन्नास जोड्या घ्या. एकाला दूध, दुसऱ्याला नाही. वीस हजार मुलांच्या प्रयोगाच्या खर्चाच्या एक-दोन टक्क्यांत याहून भरवशाचं उत्तर मिळेल. आकडा मोठा म्हणजे उत्तर खरं, हा समज त्यानं मोडून काढला. ऑनलाइन पोलमध्ये पाच लाख मतं आली म्हणून आपण हरखून जातो, तेव्हा हे वीस हजार कोट आठवावेत.

१९३५ मध्ये गॉसेट लंडनला आला. गिनेस तिथे नवी ब्रुअरी काढत होती आणि तिची जबाबदारी त्याच्यावर होती. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी तो गेला. वय एकसष्ट.

तिकडे त्याचं काम भारतात पोचत होतं. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले होते. तीस वर्षांपूर्वी गॉसेट जिथे शिकला तेच हे कॉलेज. १९३८ मध्ये सुखात्म्यांचा लेख ‘सांख्य’ या भारतीय संशोधन नियतकालिकात आला. दोन लहान नमुन्यांच्या सरासरी ताडून बघायच्या, पण त्यांचा विखुरलेपणा सारखा नसेल तर काय करायचं, हा विषय. म्हणजे टी-टेस्टच्या सख्ख्या भावंडाचा. पुढे देशातल्या पिकांचा अंदाज नमुना पाहणीनं काढण्याच्या कामात सुखात्म्यांचा मोठा वाटा होता. मूठभर शेतांवरून आख्ख्या प्रदेशाचं पीक सांगायचं. पुन्हा शितं आणि भात.

पुठ्ठे आता खिशात आहेत

आता आपल्याकडे वळू. गॉसेटनं जे पुठ्ठे पिसून केलं ते आज फुकटच्या ई-लर्निंग साधनांवर होतं. जिओजेब्रावर तयार सिम्युलेशन्स आहेत, मोबाइलवरही चालतात. स्वयम् आणि एनपीटीईएलवर स्टॅटिस्टिक्सचे कोर्सेस फुकट बघता येतात. आर एकदा उतरवून घेतलं की नेटशिवायही चालतं. गावाकडे रेंज जाते-येते, तिथे ही मोठी सोय.

पण खरा उपयोग व्हिडिओ बघण्यात नाही, हातानं करून बघण्यात आहे. एक प्रयोग सुचवते. ज्याची खरी सरासरी तुम्हाला माहीत आहे असा डेटा घ्या. सिम्युलेशनला सांगा, चार-चारचे एक हजार नमुने काढ आणि प्रत्येकासाठी ९५ टक्के खात्रीचा पट्टा काढ. आधी नॉर्मल टेबलचा १.९६ वापरा. आपल्याला वाटतं हजारातले पन्नास पट्टे चुकतील. चुकतात एकशे पंचेचाळीसच्या आसपास! जवळपास तिप्पट. आता १.९६ च्या जागी टी-टेबलमधला ३.१८ टाका. चुका पुन्हा पन्नासच्या आसपास येतात. टी-टेबल कशासाठी आहे, हे सूत्र दहा वेळा लिहून कळत नाही, ते पडद्यावर लाल रेघा मोजताना पाच मिनिटांत कळतं. आणि लाल रेघांना इंग्रजी लागत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना हे फार सोपं जातं.

फक्त एक पथ्य पाळा. क्लिक करण्याआधी अंदाज कागदावर लिहा. किती चुकतील असं वाटतं? मग बटण दाबा. अंदाज न लिहिता क्लिक करत बसलात तर तो नुसता गेम होतो. गॉसेटनंही आधी कर्व्ह काढला होता, मग पुठ्ठे पिसले होते.

कॉम्प्युटर लॅब बंद असेल तरी अडत नाही. वर्गातल्या साठ जणांच्या उंच्या चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका. चार-चार चिठ्ठ्या काढा, सरासरी नोंदवा, परत टाका, पुन्हा काढा. पन्नास वेळा करा. ग्रुपनं केलं तर एका लेक्चरमध्ये होतं. नंतर तोच प्रयोग मोबाइलवर दहा हजार वेळा करा. दोन्ही केलं की सॉफ्टवेअरच्या पोटात काय चाललंय ते समजतं आणि त्याची भीती वाटत नाही.

आणि साधनांना काय जमत नाही तेही ध्यानात ठेवा. लॅनार्कशायरचे आकडे आज आरमध्ये भरले, तर सेकंदात पी-व्हॅल्यू येईल. कोटाचं वजन मात्र आर सांगणार नाही. उपाशी पोराकडे बघून शिक्षकाचा हात कुठे वळला, तेही नाही. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येईपर्यंत वेगवेगळ्या वीस टेस्ट मारून बघायची सोय सॉफ्टवेअरनं दिलीय, म्हणून ती वापरायची नसते. वीस मारल्या तर एखादी योगायोगानंच लागते.

यंदाच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही कुठे प्लॉटवर सोयाबीन मोजाल, कुठे हॉस्टेलवरच्या मुलींचं हिमोग्लोबिन, कुठे गूगल फॉर्मवर मित्रांची झोप. आकडे थोडेच असतील आणि त्यात लाजायचं काही नाही. हे आकडे आले कुठून, कोण सुटलं, कोण उगाच आत आलं, मोजताना कोणाच्या अंगावर कोट होता, हे आधी वहीत लिहा. मग खुशाल बटण दाबा. टेस्ट त्या बिअरवाल्याची आहे, थोड्या आकड्यांना ती घाबरत नाही.